पाण्यावरची स्कूटर

गुरुवार, २ नोव्हेंबर १९९५

ही डायरी कंपनीची, १९८९ सालची. कोरीच राहिली होती, आज माळ्यावर सापडली. सहज ताडून पाहिलं तर सगळे वार यंदाशी जुळतात. जुनी वस्तू फुकट जात नाही हे माझं म्हणणं निदान एकदा तरी खरं ठरलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर लिहिण्यासारखं आहे काय? जुलैत वागळे इस्टेटमधली आमची टूलरूम बंद झाली. स्वेच्छानिवृत्ती घेतली (स्वेच्छा कुणाची ते विचारू नये), आणि तेव्हापासून वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत मी आहे आणि माझा पान्हा आहे. घरातला एकही स्क्रू सैल राहिलेला नाही. शेजाऱ्यांचे मिक्सरसुद्धा संपले. शेवंती सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात जाते आणि दुपारी परत आली की मी घरात आहे की नाही हे बघायच्या आधी काय काय उघडून ठेवलंय ते बघते.

आज डोंबिवलीला उत्तमकडे गेलो होतो. उत्तम पूर्वी माझ्या शेजारच्या लेथवर होता. दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने मानपाडा रोडला गॅरेज टाकलं, तेव्हा आम्ही सगळे त्याला हसलो होतो. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. त्याने ती ओढली आणि म्हणाला, ओळख बघू. मला वाटलं, चाकं काढलेली स्कूटर. सीट होती, हँडल होतं, खाली होडीसारखं पोट. जपानी वॉटर स्कूटर. नऊ-दहा वर्षांची जुनी. अलिबागकडच्या कुणा हॉटेलवाल्याने दुरुस्तीला टाकली आणि नंतर पत्र लिहून कळवलं की विकून टाक.

पंखा बाहेर दिसत नाही, पोटात असतो. खालून पाणी ओढायचं आणि मागून फेकायचं, की गाडी पुढे. इतकी साधी गोष्ट मला कधी सुचली नाही याचा परतीच्या वाटेवर रागच आला. उत्तम म्हणाला, "घेतोस का? कोळ्याच्या पोराला शोभेल." मी हसलो. पण घरी येऊन जेवलो कधी आणि उठलो कधी ते कळलं नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

शेवंतीला सांगितलं. दर रविवारी चेंदणीच्या बंदरावरून लोकांना खाडीत एक फेरी मारून आणायची. टेंभी नाक्यावर नवरात्रात आकाशपाळण्याला केवढी रांग होती ते मी पाहिलंय. नुसतं गोल फिरायला लोक पैसे देतात, मग पाण्यावर उडायला देणार नाहीत? ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "आपले खारीचा वास घ्याला पैसं देल कोन?"

खाडीला वास येतो, हे खरं आहे.

मग तिने विषय बदलला. बाबाने काल तिच्याकडे चिंबोऱ्या पाठवल्या त्यात दोन मेलेल्या निघाल्या. म्हणाली, मामांचे डोळे एकदा दाखवून आणा. बाबा सत्तरीचा आहे. एकटा चेंदणी कोळीवाड्यात राहतो आणि अजून रोज स्वतःची होडी घेऊन खाडीत जातो. दोन चिंबोऱ्या मेल्या म्हणून माणसाला दवाखान्यात न्यायचं का? दाखवू म्हणालो. आधी हे मार्गी लागू दे.

उपवनच्या तलावाला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत घ्यायची ठरवली, दुसऱ्या फेरीत नाही. तिसरीत पाय दुखले.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज मी बाबाला काहीतरी विचारलं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

एकोणिसाव्या वर्षी मी होडी सोडून आयटीआयला गेलो. बाबा भांडला नाही. त्याने फक्त बोलणं आखडतं घेतलं. चोवीस वर्षांत त्याने माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही खाडीबद्दल त्याला एक प्रश्न विचारला नाही. हिशेब बरोबरीत. पण स्कूटरचं पोट शेवटी होडीचंच. इंजीन मला कळतं, पोट मला कळत नाही. म्हणून सकाळी कोळीवाड्यात गेलो आणि म्हणालो, "बाबा, एक होडी घ्यायची आहे. तू बघून सांगशील का?"

तो जाळं विणत होता. हात थांबले. कुठली, कितीची, कसली, काही विचारलं नाही. उठून टोपी घातली.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. डोंबिवलीच्या जिन्यावर बाबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गॅरेजपर्यंत काढला नाही. चोवीस वर्षांनी. मी मुद्दाम हळू चाललो.

त्याने स्कूटर पाहिली ती अशी: आधी भोवती एक फेरी, तळहात टेकवून. मग गुडघ्यावर बसून पोटाखालून हात फिरवला, बोटांच्या पेरांनी ठोकलं, कान लावला, वास घेतला. अर्धा तास. आजकाल त्याची मान वळवायची ढबही रुबाबदार झाली आहे, नुसती नजर टाकत नाही, अख्खं तोंड फिरवून एकेक गोष्ट बघतो. उत्तमने चहा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला होता तो तसाच गार झाला, इतका तो कामात गुंगला होता. शेवटी उठून म्हणाला, "चांगली हाय."

उत्तम माझ्याकडे बघून हसला. हसू दे. बाबाचा हात म्हणजे पंचावन्न वर्षांचा हात आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

कोलशेतची एक पार्टी स्कूटर बघून गेली म्हणे. उत्तम असं मुद्दाम सांगतो की खरं, कळत नाही. राहवलं नाही, पुन्हा डोंबिवली. प्लग काढले, कॉम्प्रेशन पाहिलं. इंजीन वयाच्या मानाने चांगलं आहे. माझ्याहून बरं.

स्कूटर आडवी करून पोट पाहिलं. मागच्या बाजूला बोटभर लांबीची एक रेघ आहे, केसाएवढी. त्यावर रंगाचा हात मारलाय. भेग असेल का? पण रविवारी बाबाचा हात नेमका इथूनच गेला होता. भेग असती तर त्याला दिसली असती, निदान हाताला लागली असती. रंगाची रेघ असणार. उत्तमला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबाचं बघणं मी मानलं नाही असं झालं असतं.

घरी यायला उशीर झाला. शेवंती म्हणाली, तुम्हाला ती बया मशीन घ्यायची आहे का नुसतं तिच्याकडे जायला निमित्त हवंय? दोन्ही, म्हणालो. ती हसली नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

आज चालवली.

उत्तमने टेम्पोतून चेंदणीच्या बंदरावर आणली. संध्याकाळची भरती चढत होती. तिसऱ्या झटक्याला इंजीन धरलं आणि पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. कळव्याच्या पुलापर्यंत गेलो आणि वळलो. तोंडावर खारं पाणी. चार महिन्यांत पहिल्यांदा अंगात काही हलतंय असं वाटलं. मला रडू आलं आणि पाण्याने तोंड ओलं होतं म्हणून कुणाला कळलं नाही. हे वाचणारा मीच, म्हणून लिहितो.

काठाला आणून बघतो तर पोटात पाणी. दोन बादल्या निघाल्या.

बाबा म्हणाला, "कोरी होरी पानी घेतेच. दोन दीस पान्यान ठेव, फुगल आनि बसल."

लाकडाच्या होडीचं तसंच असतं. उन्हाळाभर काठावर सुकलेली होडी पाण्यात टाकली की फळ्यांच्या फटींतून पाणी येतं. दोन दिवस तशीच बुडती ठेवतात, फळ्या फुगतात, फटी मिटतात. लहानपणी हे मी दरवर्षी पाहिलंय. पण ही फायबरची आहे. फायबर फुगत नाही. वीस-बावीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

उत्तम माझ्याकडे बघत होता. बाबा उत्तर ऐकायला तोंड माझ्याकडे करून उभा होता. मी म्हणालो, "बरोबर आहे. ठेवू पाण्यात."

उत्तमने मला बाजूला घेतलं. "चंदू, बाप म्हणतोय ते ठीक, पण तुला माहिताय ना?" माहीत आहे म्हणालो. मग काही झालं तर ती तुझी, एवढं बोलून तो गेला. स्कूटर बाबाच्या होडीला बांधली. सकाळ-संध्याकाळ पाणी उपसायचं काम बाबाने आपणहून घेतलं. कितीतरी दिवसांनी तो मला म्हणाला, जेवून जा.

सोमवार, १३ नोव्हेंबर

तरंगते आहे. सकाळी एक बादली, संध्याकाळी सव्वा. बाबा म्हणतो कमी होतंय. सव्वा म्हणजे जास्त.

उद्या सांगेन.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सकाळी नऊच्या सुमारास कोळीवाड्यातून मनुबाई स्वतः वर्तकनगरला आली. ती आमच्या शेजारची, बाबाच्याच वयाची, ओहोटीला चिखलात शिंपल्या वेचते. तिचं लुगडं कमरेपर्यंत चिखलाचं. रिक्षावाल्याने बसू दिलं नाही म्हणून चालत आली. म्हणाली, भिवाजी, म्हणजे माझा बाबा, बुडाला असता.

स्कूटर रात्रीतच भरून खाली गेली होती. ओहोटी लागली तेव्हा होडीच्या कडेला नुसता दोर ताणलेला, आणि खाली गढूळ पाणी. बाबा ठरल्याप्रमाणे बादली घेऊन होडीत चढला आणि होडीतून स्कूटरवर पाय टाकला. तिथे स्कूटर नव्हती. पाणी छातीएवढं, पण खाली चिखल, पाय रुतले. मनुबाईने ओरडून माणसं जमवली नसती तर मी आज काय लिहिलं असतं?

मी गेलो तेव्हा त्याला आंघोळ घालून बसवलं होतं; शेवंती बाजारातून आधीच पोचली होती. मी ओरडलो. आधी ओरडलोच. म्हणालो, एवढी लाल-पांढरी स्कूटर पाण्यात नाही हे तुला दिसलं नाही?

बाबा म्हणाला, "नाय दिसली."

मग मनुबाई म्हणाली, त्याला दोन वर्षं धड दिसत नाही. अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे. तुला माहीत नाही?

मी शेवंतीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच बरं झालं.

नंतर आम्ही दोघेच असताना विचारलं, डोंबिवलीला का आलास मग, चांगली आहे असं का सांगितलंस? तो बोटं चोळत म्हणाला, "तू इतक्या वरसांनी इचाराला आयलास. तुना काय सांगू, मना दिसत नाय?"

आणि मी काय सांगायचं? की फायबर फुगत नाही हे मला माहीत होतं? सांगितलं. तेही सांगून टाकलं. त्याने मान हलवली. म्हणाला, मनाबी वाटला होता, आवाज लाकडाचा नव्हता.

आम्ही दोघांनी एकमेकांचं मन राखलं आणि त्यात तो मेला असता. मला माझी लाज वाटते. याहून सोप्या शब्दांत लिहिता येत नाही.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

नौपाड्यात डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू असेल, कापला की झालं, असं मी मनाशी धरून गेलो होतो. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलेला. डाव्याने नळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसतं, तेही आता धूसर. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, आणि तेही किती टिकेल ते सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच असं म्हणत असतील. पण मला म्हणाले.

हे त्यांनी मला आत बोलावून सांगितलं. बाबा बाहेर बाकावर. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, थेंब दिलेत, बरं होईल. बाहेर येऊन शेजारी बसलो आणि जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं. मग विचारलं, चिंबोऱ्यांची जाळी उद्या काढायची आहेत, येतोस का?

खाडीत जाणं बंद कर म्हणालो. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. हे त्याला डोळे शाबूत असतानाही छान जमायचं.

सोमवार, २० नोव्हेंबर

उत्तम आला. स्कूटर काठावर कुशीवर पडलेली, आतून चिखल गळत होता. ती रेघ म्हणजे भेगच होती हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आज कबूल केलं. "सांगणार होतो. पण तुझा बाप हात फिरवून चांगली हाय म्हणाला आणि तू असा बघायला लागलास त्याच्याकडं, मग कसं बोलायचं मध्ये?" म्हणजे तिघेही गप्प. त्याने निम्म्या किमतीत मिटवू म्हटलं. मी म्हणालो शब्द म्हणजे शब्द, ती माझी. घ्यायची की नाही यावर दोन आठवडे तळ्याला फेऱ्या मारल्या आणि शेवटी बुडलेली घेतली.

शेवंतीने एवढंच विचारलं की आता तरी ती दुरुस्त करणार ना, की तेही नाही. करणार.

रविवार, ३ डिसेंबर

दहा दिवस उत्तमच्या गॅरेजमध्ये. इंजीन पूर्ण उघडलं, गोड्या पाण्याने धुतलं, बेअरिंगं बदलली. भेगेवर आतून-बाहेरून फायबरचे तीन थर. हौदात बुडवून एक अख्खी रात्र ठेवली, आत थेंब नाही. हात भरून काम असलं की मला झोप लागते, शेवंती म्हणते मी घोरलोसुद्धा.

संध्याकाळी रोज कोळीवाड्यात जाऊन बाबाच्या डोळ्यांत थेंब घालतो. रविवारच्या फेऱ्यांचं त्याला सांगितलं. चालव, म्हणाला. त्याची होडी चालूच आहे. पहिले दोन दिवस मी काठावर उभा राहून जीव मुठीत धरून बघत होतो. पण तो पुलाखालून अचूक जातो. खाडीत जुने खुंट आहेत, पूर्वी जाळी बांधायचे ते लाकडी खांब, भरतीला पाण्याखाली जातात. त्या खुंटांमधून तो वल्हं मारत असा निघतो की डोळस माणूस थक्क व्हावा. खाडी त्याला पाठ आहे.

रविवार, १० डिसेंबर

शांतपणे लिहायचं आहे.

दुपारची भरती मोठी होती. बंदरावर फळा लावला होता आणि चक्क गिऱ्हाईक आलं, वर्तकनगरच्या आमच्याच कॉलनीतला सहदेव, त्याची बायको आणि तिचा भाऊ. तिघांना एकेक करून फिरवलं. बायको किंचाळली आणि पुन्हा बसवा म्हणाली. काठावर माणसं जमली. शेवंतीसुद्धा बाजारातून परस्पर आली होती. कडेला उभी होती, आणि मला वाटतं, हसत होती.

शेवटची फेरी एकट्याने मारली. खाडीच्या मध्यावर बाबाची होडी दिसली, जाळी काढून परत येत होती. मला वाटलं, त्याला दाखवावं. दिसत नसलं म्हणून काय झालं, चोवीस वर्षांत माझं काहीतरी चाललेलं त्याला ऐकू तरी येईल. म्हणून त्याच्याभोवती गोल फिरलो. एक चक्कर, दोन, तीन. त्याने वल्हं वर उचललं. तो हात करतोय असं वाटून मीही हात केला आणि इंजीन आणखी पिळलं.

चौथ्या चक्करीला त्याचं तोंड दिसलं. तो मान इकडे फिरवत होता, तिकडे फिरवत होता. होडी आडवी झाली होती, तिचं तोंड बंदराकडे नव्हतं, मुंब्र्याकडे होतं. ज्या खुंटांमधून तो रोज सुतात जातो त्यातल्या एकावर होडी धडकली, कलली, तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी कडा धरल्या.

मी इंजीन बंद केलं.

पाणी हलत राहिलं, मग थांबलं. पुलावरून एक गाडी गेली. खुंटांना लागून भरतीचं पाणी बारीक चुळचुळत होतं. इतकी वर्षं मी ते ऐकलंच नव्हतं. बाबाने मान तिरकी केली, थोडा वेळ तसाच राहिला, मग वल्हं घेऊन होडी हळूहळू बंदराकडे वळवली. अगदी सरळ.

मी स्कूटर हाताने वल्हवत त्याच्याजवळ नेली. काय झालं, विचारलं.

तो रागावला नाही. कुणाला खाडीतली एखादी जागा समजावून सांगावी तसं म्हणाला, "त्या मशीनचा आवाज आयला का मना कायच दिसत नाय."

स्कूटर होडीच्या मागे बांधून मी होडीत चढलो आणि वल्हं मागितलं. त्याने दिलं नाही.

सोमवार, ११ डिसेंबर

उत्तमला फोन केला. म्हणालो, घेऊन जा, येईल त्या किमतीला विक. फक्त खाडीवरच्या माणसाला देऊ नको, कुठल्या तळ्यावर वगैरे जात असेल तर बघ. आता कुठे ती चालायला लागली, तो वैतागून म्हणाला, बिघडलं काय तिच्यात?

काही नाही, म्हणालो. आवाज करते.